मंडालेला जाण्याचा बेत

परगावांची नावे भाषेत शिरतात तेव्हा ती सगळीच्या सगळी शिरत नाहीत. पानिपत हे हरियाणातले एक गजबजलेले शहर आहे, तिथे हातमागाची आणि चादरी-घोंगड्यांची मोठी पेठ आहे, ही गोष्ट मराठी माणसाला मुद्दाम सांगावी लागते. ‘पानिपत झाले’ म्हणजे काय झाले, हे मात्र कुणी सांगावे लागत नाही. अंदमान म्हटले की आपल्याला समुद्र दिसत नाही, कोठडी दिसते. मंडाले हे याच पंक्तीतले नाव. ‘गीतारहस्या’ची प्रस्तावना वर्गात शिकवताना आमच्यापैकी एकाने मुलांना विचारले की मंडाले कोठे आहे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, ‘सर, ते तुरुंगाचं नाव आहे ना?’ वर्गात कुणी हसले नाही, कारण बहुतेकांची समजूत तीच होती. आम्ही त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हा प्रसंग एकमेकांना सांगितला, तेव्हा असे ध्यानात आले की आमच्याकडेही त्या मुलीच्या उत्तरात भर घालण्यासारखे फारसे काही नव्हते. मंडाले ब्रह्मदेशात आहे आणि तिथे उकाडा फार, एवढे आम्हाला ठाऊक होते. आणि हे दोन्ही आम्हाला टिळकांमुळेच ठाऊक होते.

मंडालेला जाण्याचा बेत त्या संध्याकाळी ठरला. साल २०१९, पावसाळ्याचे दिवस. ‘आम्ही’ म्हणजे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांत शिकवणारी, महिन्यातून एकदा एकत्र बसून काही वाचणारी पाच माणसे: मराठीचे तिघे, इतिहासाच्या एक मॅडम आणि एक ग्रंथपाल. पुढचे वर्ष टिळकांच्या स्मृतिशताब्दीचे होते. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले. तेव्हा २०२० च्या वसंतात मंडालेला जाऊन यावे, आणि ऑगस्टमध्ये त्यावर काही लिहावे, असा साधा हिशेब होता. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला ठेवायची आणि तोवर मिळेल ते वाचायचे, असे ठरले. तो बेत अजून पार पडलेला नाही. पण मधल्या वर्षांत त्याने आमच्याकडून जे वाचून घेतले, आणि त्यामुळे एका शहराचे नाव आमच्या तोंडी ज्या रीतीने बदलत गेले, त्याविषयी लिहावे असे वाटते.

एखादे गाव एका भिंतीपुरते उरणे म्हणजे काय, हे खरे तर आम्हा ठाणेकरांना कुणी शिकवायला नको. ‘याला ठाण्याला पाठवला पाहिजे’ हे वाक्य महाराष्ट्रात कोठेही म्हटले तरी त्याचा अर्थ एकच होतो. १९०१ साली इथे मनोरुग्णालय उभे राहिले आणि उरलेल्या महाराष्ट्रापुरते आमचे शहर त्याच्या कुंपणाच्या आत गेले. नाशिक-नागपूरकडे नातेवाइकांत गेलो की हा विनोद आम्ही अजूनही ऐकून घेतो. ज्या शहरात वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिण्याचा ध्यास घेतला, जिथे १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालू आहे, ते शहर त्या वाक्यात कोठेच नसते.

ठाण्याला दुसरीही एक भिंत आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला खाडीकाठचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथून निसटले. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी झाली. टिळक त्या वेळी मंडालेच्या किल्ल्यात होते. आज त्या तटाशेजारून कळव्याकडे जाणारी वाहने धावतात, बाजूला न्यायालय आहे, वकिलांची आणि पक्षकारांची वर्दळ आहे, चहाच्या टपऱ्या आहेत. किल्ल्याचा तुरुंग होतो आणि तुरुंगाभोवती शहर आपले जगत राहते, हे आम्ही रोज पाहतो. मंडालेकडे मात्र आम्ही त्या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. तिथे जणू सहा वर्षे एक माणूस होता, आणि त्याच्याभोवती काहीच नव्हते.

बेताचे पहिले काम म्हणजे ऋतू ठरवणे. प्रवाशांसाठीची सगळी पुस्तके एकमुखाने सांगतात की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; एप्रिलात मंडालेचे तापमान चाळिशीच्या आसपास असते. आमच्या ग्रंथपालांचे म्हणणे हिवाळ्याचे होते. त्यांना टिळकांचा आधारही होता: ‘गीतारहस्य’ लिहून झाले ते १९१०-११ च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, शिसपेन्सिलीने, पाने मोजून आणि आकडे घालून दिलेल्या बांधीव वह्यांत. ते ज्या ऋतूत लिहिले गेले त्याच ऋतूत ती जागा पाहावी, हे त्यांचे म्हणणे नाकारण्यासारखे नव्हते. पण हिवाळ्यात आम्हाला रजा मिळत नाही. आणि इतिहासाच्या मॅडमनी एक वेगळाच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, ‘अहो, हिवाळ्यात तुम्ही टिळकांना भेटाल. मंडालेला भेटायचं असेल तर एप्रिलातच गेलं पाहिजे.’

त्यांच्या म्हणण्याचा रोख ‘तिंज्यान’कडे होता. एप्रिलच्या मध्याला ब्रह्मदेशात नवे वर्ष सुरू होते आणि त्याआधीचे तीन-चार दिवस लोक एकमेकांवर पाणी उडवतात. सरत्या वर्षाचा मळ धुऊन निघावा, अशी त्यामागची भावना. मंडालेच्या राजवाड्याभोवती जो रुंद खंदक आहे, त्याच्या काठाकाठाने मांडव पडतात आणि सगळे शहर तिथे भिजायला लोटते. ‘तिंज्यान’ हा शब्द संस्कृत ‘संक्रांती’वरून आला आहे. सूर्य मेष राशीत शिरतो तो हा दिवस. तमिळांचे पुत्तांडू आणि बंगाल्यांचा पोइला बैशाख यांच्या आगेमागेच येणारा. त्या दिवसांत पदौक नावाच्या झाडाला पिवळी फुले येतात आणि बायका ती केसांत माळतात. पदौक म्हणजे आपल्या बिबळ्याच्या कुळातला वृक्ष. हे वाचले तेव्हा डोंबिवलीच्या रस्त्यांवर एप्रिलात पडणारा सोनमोहोराचा पिवळा सडा आम्हाला आठवला. झाड निराळे, पण रंग तोच आणि ऋतूही तोच.

इथे टिळक आमच्या बेतात पुन्हा आले, मात्र एका वेगळ्या दाराने. मंडालेतल्या टिळकांचा विचार करताना आपण गीतेचा विचार करतो. पण त्याआधीचे टिळक हे वसंतसंपाताचे अभ्यासक होते. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओरायन’चा सगळा युक्तिवाद त्या एका बिंदूभोवती फिरतो. वसंतसंपात नक्षत्रांतून हळूहळू मागे सरकतो; वेदांत तो मृगशीर्षात असल्याच्या खुणा सापडतात; म्हणून वेदांचा काळ इतका मागे न्यावा लागतो, असे ते प्रतिपादन आहे. ते आज कितपत टिकते हा प्रश्न वेगळा. पण एवढे खरे की दिवसरात्र समान होणे २१ मार्चच्या सुमारास आणि मेषसंक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास, या दोहोंतले अंतर हा त्या सरकण्याचाच परिणाम आहे. टिळक सप्टेंबर १९०८ मध्ये मंडालेला पोचले आणि जून १९१४ मध्ये पुण्याला परतले. म्हणजे त्यांनी तिथे सहा वसंत काढले. ज्याने आयुष्याची कित्येक वर्षे वसंताचा आरंभबिंदू आकाशात शोधण्यात घालवली, तो माणूस सहा वेळा अशा शहरात होता, की जिथे तटाच्या पलीकडे सगळे लोक सूर्याच्या मेषप्रवेशासाठी पाण्याने न्हाऊन निघत होते. त्या पाण्याचा आवाज आतवर येत असेल का, या प्रश्नावर आम्ही एक संपूर्ण बैठक घालवली. त्यातून निष्पन्न काहीच झाले नाही. पण मंडालेच्या किल्ल्याला ‘पलीकडे’ आहे, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा जाणवले.

आतले काय, ते सुभाषचंद्र बोसांनी सांगितले आहे. १९२५ मध्ये तेही मंडालेच्या तुरुंगात आले आणि तिथून त्यांनी न. चिं. केळकरांना टिळकांविषयी पत्र लिहिले. उभ्या लाकडी ओंडक्यांचा तो पिंजरा होता. ऊन, थंडी, पाऊस, धूळ यांपैकी कशालाही त्याचा आडोसा नव्हता, आणि मधुमेहाने ग्रासलेल्या, साठीकडे झुकलेल्या माणसाने तिथे असा ग्रंथ लिहावा याचे त्यांना अपार आश्चर्य वाटले. १९१२ च्या जूनमध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी टिळकांना याच पिंजऱ्यात कळली. हे सारे वाचल्यावर यात्रेची ओढ वाढते, हे आम्ही नाकारत नाही.

पण यात्रेला देऊळ लागते, आणि तिथे देऊळ नाही. मिंडोन राजाने १८५७ मध्ये मंडाले वसवले, सागवानी राजवाडा उभा केला, त्याभोवती प्रत्येक बाजूला सुमारे दोन किलोमीटर लांबीचा चौरस तट आणि खंदक घातला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ते घेतले आणि राजनगरीची ‘फोर्ट डफरिन’ ही छावणी केली. मार्च १९४५ मध्ये जपान्यांकडून ती परत मिळवताना झालेल्या बॉम्बफेकीत आणि आगीत राजवाडा जळून गेला. टेहळणीचा मनोरा आणि टांकसाळीसारखे थोडे काही वाचले. आज मधोमध दिसतो तो राजवाडा १९९० च्या दशकात पुन्हा बांधलेला आहे. तटाच्या आतली बरीचशी जागा सैन्याकडे आहे आणि परदेशी पाहुण्याला पूर्वेच्या दाराने ठरावीक वाटेने राजवाड्यापर्यंत जाऊन परतावे लागते. टिळकांची लाकडी बराक त्या वाटेवर नाही. म्हणजे इतका खटाटोप करून आम्ही जे पाहायला जाणार, ते पाहायला मिळणारच नव्हते.

यावर आमच्यात मतभेद झाले. एक मत असे की जागा नसली तरी हवा असते; त्या उकाड्यात अर्धा तास उभे राहिले तरी प्रस्तावनेतले चार परिच्छेद वेगळे वाचता येतील. दुसरे मत असे की मग ते आपल्या मनातलेच मंडाले झाले. त्याला विमानाचे तिकीट कशाला? या वादात किपलिंग आला. इंग्रजी वाचकाचे मंडाले हे किपलिंगच्या १८९० च्या कवितेतले मंडाले आहे, आणि मुंबईत जन्मलेला हा कवी मंडालेला कधी गेलाच नव्हता. १८८९ मध्ये तो रंगून आणि मौलमीन पाहून पुढे निघून गेला. इंग्रजीतले मंडाले तिथे न गेलेल्या माणसाने रंगवले आणि मराठीतले मंडाले तिथे असूनही बाहेर न पडू शकलेल्या माणसामुळे घडले. दोन्हीकडे शहर वगळले गेले. फरक इतकाच की पहिल्या वगळण्यात साम्राज्याची ऐट होती आणि दुसऱ्यात साम्राज्याचे गज. हा फरक मोठा आहे. पण शंभर वर्षांनंतर मोकळेपणी प्रवास करणाऱ्या मराठी माणसाने त्या गजांच्या आतूनच शहर पाहत राहावे का, हा प्रश्न उरतोच.

बेत मात्र पुढे सरकत होता. मुंबईहून थेट विमान नाही, तेव्हा बँकॉकवरून जायचे की कोलकात्याहून यांगूनमार्गे, ई-व्हिसाचे अर्ज, उत्तरपत्रिका तपासण्याचे वेळापत्रक, तिंज्यानच्या दिवसांत दुकाने, कचेऱ्या आणि बसगाड्या बंद असतात म्हणून आधी चार दिवस पोचणे, हे सारे कागदावर आले. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीत सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा त्या वर्षी निघाली नाही. आदल्या मध्यरात्रीपासून सगळा देश बंद झाला होता. फडके रस्ता पाडव्याच्या सकाळी रिकामा असलेला आम्ही त्याआधी कधी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला म्यानमारमध्ये सैन्याने सत्ता घेतली. त्यानंतरच्या वसंतात मंडालेच्या रस्त्यांवर निदर्शने झाली, गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पुढे देशभर पेटलेला सशस्त्र संघर्ष वर्षानुवर्षे चालू राहिला. वर्तमानपत्रांतून मंडालेचे नाव आम्हाला आता दिसू लागले, आणि पुन्हा एकदा त्या नावाबरोबर तुरुंग होताच. या खेपेला त्यात मंडालेचेच लोक होते.

बेत लांबला तेव्हा तयारी म्हणून आम्ही रत्नागिरीला गेलो. टिळकांचा जन्म तिथला, २३ जुलै १८५६ चा. टिळक आळीतले ते घर आम्ही पूर्वीही पाहिले होते. या वेळी आम्ही तिथून थिबा पॅलेसला गेलो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी मंडालेहून इरावतीतून आगबोटीने रंगूनला, तिथून मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणले. तोही वसंतच. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पुरा झाला तो १९१० मध्ये, म्हणजे टिळक मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहायला बसले त्याच वर्षी. रत्नागिरीचा माणूस थिबाच्या तटात आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या कड्यावर, अशी ही अदलाबदल जवळजवळ सहा वर्षे चालू होती. ती कुणी मुद्दाम योजलेली नव्हती. कैद्याला त्याच्या माणसांपासून, त्याच्या भाषेपासून शक्य तितके दूर ठेवायचे, ही साम्राज्याची साधी रीत. दोन्ही टोकांना ती सारखीच लागू पडली. टिळक सहा वर्षांनी सुटले. थिबा तीस वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरात, रत्नागिरीतच वारला. त्याची आणि त्याच्या धाकट्या राणीची समाधी शहरातच आहे. पट्टराणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, तीही रंगूनपर्यंतच. १९२५ मध्ये ती तिथेच गेली.

नावांची गंमत इतिहासाच्या मॅडमनी दाखवली. मंडाले हे तिथल्या टेकडीचे नाव; राजनगरीचे औपचारिक नाव यदनाबोन, म्हणजे पालीतले रतनपूर, रत्नांचे नगर. आणि ब्रह्मी भाषेत रत्नागिरीला म्हणतात यदनागिरी. आपण ज्याला ‘रत्न’ म्हणतो त्याला ते ‘यदना’ म्हणतात. म्हणजे एका रत्नांच्या गावाहून दुसऱ्या रत्नांच्या गावी, असा तो दोघांचाही प्रवास होता.

समाधीपाशी उभे असताना आमच्या मनात जे आले ते असे. मंडालेत राजाची कथा लहानपणी ऐकलेल्या माणसाला ‘यदनागिरी’ हे नाव काय सांगत असेल? तो म्हणत असेल की ते आमच्या राजाच्या बंदिवासाचे ठिकाण. त्याच्या भाषेत रत्नागिरी म्हणजे हापूस नव्हे, मिरकरवाड्याची मासळी नव्हे, भाट्याची खाडी नव्हे, केशवसुतांचे मालगुंड जवळ असलेले गाव नव्हे. फक्त एक भिंत आणि तिच्याआड वृद्ध होत गेलेला राजा. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर येऊन गेले, तेव्हा त्यांना पाहायची होती तीही तेवढीच जागा. तिथून एखादा शिक्षकांचा गट उद्या रत्नागिरीला आला, समाधी पाहून, डोळे पुसून, आंबा न चाखता परत गेला, तर आपण त्यांना काय म्हणू? आपण म्हणू, थांबा, दोन दिवस राहा, गाव पाहा. हेच मंडालेने आम्हाला म्हटले असते.

मंडालेला जाणारी आणखी एक मराठी वाट आहे आणि ती आपल्या अभ्यासक्रमांत सहसा येत नाही. धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या सांखवाळचे, जन्म १८७६. बुद्धाविषयी जाणून घ्यायचे या एका ओढीने घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये श्रीलंकेला पोचले, तिथे श्रामणेर झाले, पाली शिकले, आणि पुढे ब्रह्मदेशात जाऊन तिथल्या विहारांत राहिले. टिळकांना तिकडे नेले त्याआधीची ही काही वर्षे. खिशात पैसा नाही, भाषा येत नाही, खाणेपिणे सोसत नाही, अशा स्थितीत हा माणूस तिथल्या भिक्षूंकडे शिष्य म्हणून गेला. १९२४ चे त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आम्ही एकत्र वाचले तेव्हा जाणवले की मराठीत ब्रह्मदेशाची दोन दारे आहेत. एका दाराने आपला माणूस पहाऱ्यात गेला आणि दुसऱ्या दाराने आपला माणूस शिकायला गेला. आपण पहिले दार लक्षात ठेवले, ते स्वाभाविक आहे. पण प्रवासाचा बेत करताना कोसंबींचे दार अधिक उपयोगी पडते.

आणि टिळकांच्या ग्रंथातही हे दुसरे दार थोडे किलकिले आहेच. मंडालेत त्यांनी फ्रेंच, जर्मन आणि पाली यांचा अभ्यास केला. ‘गीतारहस्या’च्या परिशिष्टात गीता आणि बौद्ध ग्रंथ यांच्यावर स्वतंत्र भाग आहे. किल्ल्याच्या ईशान्येला, मंडाले टेकडीच्या पायथ्याशी, कुथोडॉ पॅगोडा आहे. मिंडोन राजाने सगळे पाली त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले आणि प्रत्येक शिळेसाठी एकेक लहान पांढरे देऊळ बांधले. अक्षरे मुळात सोन्याच्या शाईने भरलेली होती. जगातले सर्वांत मोठे पुस्तक असे त्याला म्हणतात. तटाच्या आत एक माणूस पेन्सिलीने वह्या भरत होता, आणि तटाबाहेर दगडाचे ७२९ पत्रांचे पुस्तक उन्हात उघडे होते. हे दोन ग्रंथ इतक्या जवळ असून टिळकांना ते दगडी पुस्तक मनात येईल तेव्हा जाऊन चाळता येत नव्हते. आपल्याला ते चाळता येईल. साहित्याच्या विद्यार्थ्याने मंडालेला जाण्याचे यापेक्षा चांगले कारण आम्हाला तरी सुचलेले नाही.

२८ मार्च २०२५ च्या शुक्रवारी, पाडव्याच्या दोन दिवस आधी, सगाइंग-मंडाले भागात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तीन हजारांहून अधिक माणसे गेली. इरावतीवरचा १९३४ चा जुना आवा पूल कोसळला, किल्ल्याच्या तटाला भगदाडे पडली, महामुनी पॅगोड्याची पडझड झाली. रमझानचा शेवटचा शुक्रवार होता. नमाजासाठी जमलेल्या लोकांवर मशिदी कोसळल्या. भारतीय सैन्याने मंडालेत रुग्णालय उभारले. आम्ही त्या आठवड्यात जे करत होतो ते सांगण्यासारखे आहे: बातम्यांत येणाऱ्या प्रत्येक नावाशी आम्ही थांबत होतो, कारण ती नावे आमच्या कागदावर होती. पाच वर्षांपूर्वी हीच बातमी आली असती तर टिळकांच्या मंडालेत भूकंप झाला, असे आम्ही म्हटले असते. आता आम्हाला अमरपुऱ्याच्या सागवानी पुलाची काळजी होती, सोन्याचा वर्ख कुटणाऱ्या कारागिरांच्या गल्लीची होती, कळसूत्री बाहुल्या करणाऱ्यांची होती. ज्यांना आम्ही कधी भेटलो नव्हतो अशांची ही काळजी होती आणि ती बेतातूनच आली होती. प्रवासासाठी साठवलेल्या पैशांतला मोठा भाग आम्ही मदतीसाठी पाठवला. त्या वर्षीचे तिंज्यान शोकात गेले.

आता जावे की न जावे, यावर आमच्यात एकमत नाही. मॅडम म्हणतात, तट सैन्याच्या ताब्यात आहे, दाराशी तिकीट काढायचे म्हणजे ते पैसे कुणाच्या हाती जातात याचा विचार केला पाहिजे. बंदिवासाच्या स्मृतीला वंदन करायचे आणि बंदिवास करणाऱ्यांना शुल्क भरायचे, हे टिळकांच्या नावाने तरी करू नये. ग्रंथपालांचे म्हणणे, वर्खवाला, बाहुलीवाला, सायकलरिक्षावाला यांचे पोट पाहुण्यांवर चालते. आपण न गेल्याने सत्ता हलत नाही, त्यांची चूल मात्र विझते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दूर डोंबिवलीत बसून त्यांचा निकाल लावणे हे आमच्या अधिकारातले नाही असे आम्हाला वाटते. तिथल्या लोकांना पाहुणे हवेत की नकोत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगावे, आणि ते आपल्या कानी यावे, एवढी अट आम्ही स्वतःला घातली आहे. ती पुरी होईपर्यंत तारीख नाही.

तारीख नसली तरी कागद आहे, आणि दर वसंतात तो आम्ही काढून पाहतो. २०१९ मध्ये त्याचा पहिला क्रमांक किल्ला हा होता आणि बाकीचे ‘वेळ उरल्यास’ या सदरात होते. आज त्याचा क्रम असा आहे. पहिला दिवस कुथोडॉच्या शिळांसाठी. पालीची लिपी निराळी असली तरी शब्द ओळखीचे निघतील, म्हणून आम्ही दोघांनी ब्रह्मी अक्षरे गिरवायला घेतली आहेत. दुसऱ्या दिवशी श्वेनांडॉ मठ: राजवाड्याचाच हा एक भाग थिबाने तटाबाहेर हलवला, म्हणून तो १९४५ च्या आगीतून वाचला. त्याचे सागवानी कोरीवकाम पाहिले की जळालेले काय असेल, याचा अंदाज येतो. तिसऱ्या दिवशी अमरपुरा आणि नदी. मग तिंज्यानचे दिवस, खंदकाच्या काठी, जमेल तितके भिजत. सोबत न्यायच्या वस्तूंत ‘निवेदन’ आणि ‘गीतारहस्य’ दोन्ही आहेत. आणि रत्नागिरीच्या थिबा समाधीचे एक छायाचित्र, तिथल्या कुणा वृद्धाला हवे असल्यास देण्यासाठी. किल्ला शेवटच्या दिवशी, सकाळी, ऊन चढण्याच्या आत.